डीएसएलआर सोडून छोट्या मिररलेसवर जायचंय? आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा

नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्या ज्यांनी चढल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. दोन्ही हात कातळातल्या खोबण्यांत, पाठीवर निकॉन डी७५० हा डीएसएलआर, २४-७० आणि ७०-२०० या दोन लेन्स भरलेली बॅग, आणि ती बॅग प्रत्येक पायरीला मागं ओढतेय. वर पोचेपर्यंत कॅमेरा एकदाही बाहेर निघाला नाही. चढतानाचे जेवढे म्हणून फोटो आहेत ते सगळे मोबाईलचे.

उतरून निरगुडपाड्यात चहा पिताना म्हणलं आता बास, छोटा मिररलेस घ्यायचा, म्हणजे ज्यात डीएसएलआरसारखा आत आरसा नसतो. पण ठरवल्यापासून सगळं सामान खरंच बदलून होईपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं, मध्ये दोन-तीन गाढवपणे केले, पैसे गेले, म्हणून हे लिहितोय. मी धंदेवाला फोटोग्राफर नाही, नाशिकला सातपूरमध्ये नोकरी करतो, शनिवार-रविवार ट्रेक, कधी पक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वर, आणि वर्षाला नात्यातली दोन-तीन लग्नं. तुमचं तसंच काहीसं असेल तर उपयोग होईल.

आधी जुने फोटो उघडा, कॅमेऱ्याची वेबसाईट नको

सगळे इथंच चुकतात, मीपण चुकलो. महिनाभर रात्री जागून रिव्ह्यू बघितले आणि स्वतःचे फोटो एकदापण बघितले नाहीत. लाइटरूम असेल तर लायब्ररीत वर मेटाडेटाचा फिल्टर असतो, तिथं फोकल लेंथ (एमएमचा आकडा, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) आणि अॅपर्चर (एफचा आकडा, जेवढा लहान तेवढा उजेड जास्त) निवडा, कुठल्या आकड्यावर किती फोटो आहेत ते समोर येतं. लाइटरूम नसेल तर डिजीकॅम फुकट आहे, आणि नुसत्या जेपेग असतील तर विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यूला फोकल लेंथचा कॉलम लावता येतो. फक्त जे फोटो तुम्ही ठेवलेत, कुणाला पाठवलेत, प्रिंट केलेत तेच धरा, डिलीट करायचे राहून गेलेले नको.

माझं काय निघालं, तर निम्म्याहून जास्त फोटो २४ ते ५० च्या मधले. ७०-२०० चे जवळजवळ सगळे २०० लाच, म्हणजे मला २०० पण कमीच पडत होतं, आणि एफ २.८ जे मी एवढं उराशी धरून बसलेलो ते फक्त लग्नात आणि घाटावरच्या आरतीला वापरलेलं. ट्रेकचे सगळे एफ ८ ला. म्हणजे दीड किलोची लेन्स किल्ल्यावर नेऊन मी ती एफ ८ वर वापरत होतो. हसा.

आता वजनकाटा

स्वयंपाकघरातला काटा घ्या, प्रत्येक वस्तू ठेवा, कागदावर लिहा. माझं असं होतं: डी७५० बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम, २४-७० एफ २.८ ची ९००, ७०-२०० एफ २.८ ची १५४०. झाले ३२८० ग्रॅम, फ्लॅश, चार्जर, बॅग वेगळी. यात बॉडी फक्त पाव हिस्सा आहे, बाकी सगळी काच.

म्हणून नुसता आरसा काढला की वजन जातं हा समज सोडा. मी पहिल्यांदा निकॉनचाच फुल फ्रेम, म्हणजे डी७५० एवढ्याच मोठ्या सेन्सरचा, मिररलेस घ्यायला निघालेलो. झेड६ टू बॅटरी-कार्डासकट ७०५ ग्रॅम, त्याची २४-७० एफ २.८ लेन्स ८०५. बेरीज १५१०. माझ्या जुन्या जोडीची १७४०. एवढे लाख-दोन लाख घालून वाचणार किती, तर पाव किलोसुद्धा नाही! कॅमेरे ते एक नंबर आहेत, फोकस वगैरे जुन्यापेक्षा कितीतरी पुढं, पण खांद्यासाठी बदलत असाल तर सेन्सर लहान घ्यावा लागतो आणि लेन्सचा हट्ट सोडावा लागतो, दुसरा रस्ता नाही.

लहान सेन्सर म्हणजे दोन प्रकार. एपीएस-सी, जो सोनी, फुजी, निकॉनला साधारण २३.५ बाय १५.६ एमएम असतो आणि कॅननचा जरा अजून लहान. आणि मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ बाय १३ एमएम, हे माउंट (लेन्स अडकवायची पद्धत) ऑलिंपस आणि पॅनासॉनिकनं मिळून २००८ ला आणलं, ऑलिंपसचा कॅमेऱ्याचा धंदा २०२१ पासून ओएम सिस्टिम नावानं चालतो. फुल फ्रेमच्या हिशोबानं एपीएस-सीला फोकल लेंथ दीडपट धरायची, कॅननला १.६ पट, मायक्रो फोर थर्ड्सला दुप्पट. एफ नंबरचं एक्स्पोजर तेच राहतं, एफ २.८ म्हणजे कुठंही एफ २.८ च, पण मागचं धूसर होणं आणि अंधारातला नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) यात एपीएस-सीला साधारण एक स्टॉप आणि मायक्रो फोर थर्ड्सला दोन स्टॉप मार बसतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दुकानदार हे सांगत नाही. बाकी किल्ल्यावर एफ ८ ला काढणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही, उलट एपीएस-सीला एफ ५.६ लाच तेवढी डेप्थ (पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसणं) मिळते.

मी शेवटी सेकंडहँड फुजी एक्स-एस१० घेतला, ४६५ ग्रॅम बॅटरी-कार्डासकट, बरोबर १८-५५ एफ २.८-४ जी ३१० ग्रॅम, आणि नंतर ७०-३०० जी ५८० ग्रॅम. एकूण १३५५. आता ही तुलना शंभर टक्के प्रामाणिक नाही हे मलाच माहितीये, ७०-३०० काही एफ २.८ नाही, संध्याकाळी सहानंतर ती लेन्स बॅगेतच बरी. पण ३२८० वरून १३५५, आणि वर पोच ४५० एमएमएवढी.

कुठली कंपनी

यावर भांडणं करायला लोकांना फार आवडतं, मी थोडक्यात सांगतो. बॉडी बघू नका, तुमच्या त्या फोकल लेंथच्या यादीतल्या लेन्स छोट्या साइजमध्ये कुणाकडं आहेत ते बघा. फुजीकडं छोट्या प्राइम (झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंथच्या लेन्स) भरपूर, ३५ एफ २ फक्त १७० ग्रॅम, २७ एफ २.८ तर ८४ ग्रॅम, शर्टाच्या खिशात जाते. सोनी ए६४०० किंवा ए६७०० ला बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स पोत्यानं आहेत. सिग्माची १८-५० एफ २.८ सोनी माउंटला २९० ग्रॅमची आहे, लग्न आणि ट्रेक दोन्ही एका लेन्समध्ये करायचं असेल तर मी आज तीच बघितली असती, फुजीलापण येते. निकॉन झेड५० आणि कॅनन आर१०, आर५० चांगले आहेत, जुने निकॉन-कॅननवाले मेनूत हरवत नाहीत, फक्त त्यांच्या स्वतःच्या छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्स कमी. सगळ्यात हलकं पाहिजे आणि पक्षी किंवा पाऊस जास्त तर मायक्रो फोर थर्ड्स, ओएम-५ ला तर पाण्या-धुळीचं आयपी५३ रेटिंग आहे.

सेकंडहँडमध्ये दोन नावं फार स्वस्त दिसतील, कॅननचे ईएफ-एम वाले म्हणजे एम५०, एम१०० वगैरे, आणि निकॉन १. दोन्ही सिस्टिम बंद झाल्यात. ईएफ-एमच्या लेन्स कॅननच्याच नव्या आर कॅमेऱ्यांना बसत नाहीत. मुलीला शिकायला एक बॉडी एक लेन्स घ्यायची असेल तर ठीक, पण त्यावर संसार मांडू नका.

आणि हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. मी ऑनलाइन वाचून एक फारच चपटा कॅमेरा नक्की केलेला, कॉलेज रोडला दुकानात जाऊन धरला तर करंगळी हवेत. तिथंच त्याला तुमची सगळ्यात जड लेन्स लावून बघा, पाच मिनिटं एका हातात धरून उभं राहा, दुकानदार बघत राहील, बघू दे.

अॅडाप्टरचा मोह

जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लागतात, का तर आरसा गेल्यामुळे माउंट आणि सेन्सरमधलं अंतर कमी झालंय. निकॉनच्या एफ माउंटला ते ४६.५ एमएम होतं, झेडला १६. कॅननच्या ईएफला ४४, आरएफला २०. मधली जागा अॅडाप्टर भरून काढतो, आत काच नसते.

कॅननवाले सुखी, ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अॅडाप्टरवर नीट फोकस होतात. निकॉनवाल्यांनी लेन्सवरची अक्षरं वाचायची. एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर एफटीझेड या निकॉनच्या अॅडाप्टरवर चालते. पण नुसतं एएफ आणि शेवटी डी, जसं की ती सगळ्यांकडं असलेली ५० एफ १.८ डी, तिच्यात मोटर नाही आणि एफटीझेडमध्येपण नाही, हातानं फोकस करत बसा. फुजी किंवा सोनीवर निकॉनच्या लेन्स लावायच्या भानगडीत तर पडूच नका.

चाललं तरी हिशोब बघा की, १५४० ग्रॅमची लेन्स, वर अॅडाप्टर, आणि मागं ४५० ग्रॅमची बॉडी. तोंडाकडून खाली पडणारा कॅमेरा. अॅडाप्टर हा चार-सहा महिन्यांचा पूल समजा, त्यावर घर बांधू नका.

विकायचं कधी

माझा मोठा गाढवपणा हा. किंमत उतरायच्या आत म्हणून मी पहिली ७०-२०० विकली, हातात पैसे आल्याशिवाय नवं कसं घ्यायचं हेपण होतंच. आणि वीस दिवसांनी चुलतभावाचं लग्न, रात्रीचं रिसेप्शन, लॉन्सवर अंधार, माझ्याकडं १८-५५. स्टेजपासून लांब उभं राहून काढता येईना, जवळ गेलो की व्हिडिओवाला ओरडतो. वहिनी अजून विचारते, आमचे जवळचे फोटो कुठंयत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नवी बॉडी आणि एकच झूम. जुना सेट घरात ठेवून एक पावसाळी ट्रेक, एक घरातला कार्यक्रम आणि एक रात्रीचं काहीतरी, गणपतीची आरास म्हणा, एवढं नव्यावर करा. यात जी जुनी लेन्स तुम्हाला एकदाही काढावी लागली नाही ती पहिली विका. जी काढावी लागली तिच्या जागी काय घ्यायचं ते ठरवून मग ती विका. बॉडी विकायला मात्र फार थांबू नका, लेन्सपेक्षा बॉडीचा भाव पटकन पडतो.

विकण्याआधी लेन्सचं मागचं-पुढचं झाकण काढून अॅपर्चर उघडं ठेवून मोबाईलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर फंगस. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस खाल्लेल्या लेन्स कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवल्या की हे होणारच, आणि घेणारा ते बघतोच, त्यामुळे आधीच सांगून भाव ठरवा. तुम्ही घेताना हेच उलटं, टॉर्च मारा, शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत) विचारा, बिल बघा, आणि वॉरंटी भारतातली आहे का ते बघा. मला एकानं बॉक्सपॅक म्हणून दाखवलेला कॅमेरा बाहेरून आणलेला निघाला, बिलच नाही. हात जोडून परत आलो.

ज्यांचं पोट लग्नांवर आहे त्यांनी तर अजून सबुरीनं घ्या. डी७५० ला दोन कार्ड बसतात, माझ्या एक्स-एस१० ला एकच, छोट्या बऱ्याच बॉड्यांना एकच असतं. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाचं एकमेव कार्ड बिघडलं तर काय सांगणार? तुम्ही दोन स्लॉटवालाच घ्या, थोडा जड झाला तरी.

पहिल्या दिवशी मेनूत काय करायचं

व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो जसा येणार तसाच दिसतो ही मिररलेसची सगळ्यात भारी गोष्ट, काळारामाच्या देवळात उन्हातून आत गेलात की लगेच कळतं एक्स्पोजर कुठं आहे. पण तीच गोष्ट फ्लॅश लावल्यावर डोक्याला ताप. हळदीला मी मॅन्युअलवर, १/१६० आणि एफ ८, ट्रिगर लावलेला, डोळा लावतो तर काळाकुट्ट. कॅमेराच गेला म्हणून घाम फुटला. कॅमेऱ्याचा दोष नव्हता, तो बिचारा फ्लॅशशिवाय जसं येईल तसं दाखवत होता. फुजीमध्ये मॅन्युअल मोडचा एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करायचा, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन, सोनीत सेटिंग इफेक्ट. हे एका बटणावर लावून ठेवा म्हणजे मांडवात मेनू शोधत बसायला नको.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक शटर. आवाज शून्य, कीर्तनाला किंवा झोपलेल्या बाळाला उत्तम. पण एलईडीच्या माळांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, का तर सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीनं वाचला जातो आणि आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. गणपती मंडळात, रिसेप्शनला मेकॅनिकल शटरच ठेवा, आणि शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ला आणून बघा, बहुतेक वेळा पट्टे जातात. ढोल वाजवणाऱ्याची काठी इलेक्ट्रॉनिक शटरनं वाकडी येते तीपण याच कारणानं.

डोळ्यावरचा फोकस चालू करा आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला शिका, मला त्यालाच महिना लागला, सवयीनं मी मधला पॉइंट धरून फ्रेम हलवत बसायचो. गर्दीत मात्र तो भलत्याच माणसाचा डोळा धरतो, तेव्हा सिंगल पॉइंटला यायचं बटण हाताशी पाहिजे.

बॅटरी, धूळ, पाऊस

डी७५० ला कंपनी एका चार्जवर १२३० फोटो सांगते, एक्स-एस१० ला ३२५. कारण स्क्रीन नाहीतर व्ह्यूफाइंडर सतत चालू. प्रत्यक्षात दोन्ही जास्त काढतात पण प्रमाण तेच. दोन जास्तीच्या बॅटऱ्या बजेटमध्येच धरा. ऑटो ऑफ एक मिनिटावर, ब्लूटूथ बंद, आणि टाइप-सी चार्जिंग असेल तर पॉवरबँकवर चालतं, साल्हेरला मुक्कामाला मला त्यानंच तारलं.

धूळ ही खरी डोकेदुखी. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी समोर आरसा आणि बंद शटर असायचं, इथं बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर थेट उघडा. कॅननच्या काही बॉड्या बंद केल्यावर शटर ओढून घेतात, बाकीच्यांनी काळजी घ्यायची. कॅमेरा बंद करा, तोंड खाली, वाऱ्याकडं पाठ, नवी लेन्स आधीच झाकण सैल करून तयार. रबरी ब्लोअर बॅगेत पाहिजेच, तोंडानं फुंकर कधी नाही, थुंकी उडते. रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) लेन्स बदलायचा विचारसुद्धा करू नका, घरून निघताना एक लावली ती लावली.

माझ्या बॉडीला वॉटर सीलिंग नाही. दुगारवाडीला जायचं तर हॉटेलातली शॉवर कॅप आणि दोन रबरबँड, आणि लेन्सचं तोंड पुसायला सुती जुना रुमाल. घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका, पंख्याखाली तासभर, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. धान्याचा प्लास्टिकचा डबा चालतो, फक्त जेलचा रंग बदलला की ते बदला.

पक्ष्यांचं

नांदूरमध्यमेश्वरला नेहमी जाणाऱ्यांना एक स्पष्ट सांगतो. राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ आपल्या दारात आहे, हिवाळ्यात पहाटे बदकं लांब पाण्यावर, आणि तिथं ४५० एमएम हे सुरुवातीलाच संपतं. तुमच्याकडं निकॉन २००-५०० असेल तर ती २३०० ग्रॅमची आहे खरी पण निफाडपर्यंत गाडीनं जातो, मनोऱ्यावर बसतो, तिथं वजन कुणाला उचलायचंय? ती लेन्स आणि जुनी बॉडी राहू द्या की. सगळंच्या सगळं बदललं पाहिजे असा कुठं नियम आहे. हलकंच पाहिजे तर मायक्रो फोर थर्ड्सवर पॅनासॉनिकची १००-३०० ही ५२० ग्रॅममध्ये २००-६०० एवढी पोच देते, सकाळी आठनंतर चांगल्या उजेडात मस्त चालते, त्याआधी आयएसओ वर जातं आणि नॉइज येतो. कठड्यावर टेकवायला बीनबॅग घ्या, रिकामीच घ्या आणि आत हरभरे नाहीतर तांदूळ घरचेच भरा.

कॉम्प्युटरवर

नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल) जुनं लाइटरूम उघडत नाही. लगेच सबस्क्रिप्शन घ्यायची गरज नाही, अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून फाइल बदलून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, एक पायरी वाढते एवढंच. फुजीवाल्यांनी शार्पनिंगचे जुने प्रीसेट तसेच मारू नका, तो सेन्सर वेगळ्या रचनेचा आहे, झाडं आणि गवत रंगवल्यासारखं दिसायला लागतं. आधी महिनाभर जेपेगच वापरून बघा, मला तर अर्ध्या वेळेला रॉ उघडावीच लागत नाही.

बॅग

शेवटी बॅग, आणि याला कुणी महत्त्व देत नाही. छोटा कॅमेरा जुन्या मोठ्या बॅगेत ठेवलात की रिकामे कप्पे बघवत नाहीत, मग एक प्राइम येते, मग फ्लॅश, मग छोटा ट्रायपॉड, आणि दोन महिन्यांत काटा परत तीन किलोवर. माझं झालंय. आता बॉडीला १८-५५ लावलेली आणि बाजूला एक लेन्स एवढंच मावेल अशी आडवी छोटी बॅग आहे, छातीवर पुढं येते, कड्यावर हात मोकळे. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर मी दोन बॉड्या गळ्यात घालून रात्रभर उभा होतो आणि सकाळी मान वळत नव्हती. पुढच्या सिंहस्थाला हीच बॅग नेणार, आणि तिच्यात ७०-३०० ठेवायची का ३५ एफ २ हे अजून ठरत नाहीये.